क्रँकसेटचा फोटो नको, मापं छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत रोड बाईकचे सुटे भाग कसे निवडायचे यावर लेख आला होता, तो वाचला. लेख वाईट नाही, टायरचा भाग तर मस्तच जमलाय, पण क्रँकसेटवर (म्हणजे पेडलचे दोन दांडे आणि पुढच्या दातेरी चकत्या) आल्यावर वजन किती ग्रॅम, कार्बन घ्यायचा की अ‍ॅल्युमिनियम आणि दिसायला कुठला भारी, एवढं सांगून विषय गुंडाळलाय. सगळीकडे हेच चालतं म्हणून हे पत्र लिहायला बसलो. क्रँकसेट वजन बघून घ्यायची वस्तूच नाही हो. आधी आपल्या फ्रेमची आणि जुन्या क्रँकची मापं काढायची, त्या मापांत बसणारे जे दोन-चार क्रँकसेट उरतील त्यातून मग वजन, रंग, काय बघायचं ते खुशाल बघा. उलट्या क्रमानं गेलात तर खोका उघडायचा, लावून बघायचा, बसत नाही म्हणून परत पाठवायचा, हा उद्योग ठरलेला.

त्याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे अख्खा क्रँकसेट बदलायची गरज आहे का. बऱ्याचदा झिजलेली असते ती चेनरिंग, म्हणजे चेन बसते ती पुढची दातेरी चकती, क्रँक नाही. दाते एका बाजूला कलून हुकासारखे झालेत, जोर दिला की चेन उडी मारते, तर नुसत्या रिंगा बदलून भागतं, आर्म, म्हणजे पेडलचे दांडे, आहेत तसेच ठेवायचे. सोबत चेनही मोजा. नव्या चेनच्या २४ कड्या पिन ते पिन ३०४.८ मिमी भरतात, त्यात दीड मिमी वाढ दिसली म्हणजे अर्धा टक्का ताणली, ११-१२ स्पीडला (मागे ११-१२ चकत्या असतील तर) तेवढ्यावरच ती बदलावी, नाहीतर जुनी चेन नव्या रिंगेलाही खाते. आणि पेडल मारताना कटकट आवाज येतो म्हणून क्रँक बदलणारे पण असतात, तो आवाज निम्म्या वेळा पेडलच्या आट्यातून, चेनरिंगच्या बोल्टमधून नाहीतर बॉटम ब्रॅकेटमधून (बीबी, क्रँकचा एक्सल ज्या बेअरिंगवर फिरतो तो भाग) येत असतो, क्रँक बिचारा निर्दोष. क्रँक खरोखर बदलावा लागतो तो आर्म वाकला, कुठे चीर दिसली, पेडलचे आटे गेले (डाव्या पेडलला उलटे आटे असतात हे विसरून कोणीतरी जोर लावलेला असतो), चौकोनी एक्सलवरचं भोक गोल झालं, किंवा मग लांबी नाहीतर गिअरच वेगळे हवेत तेव्हा.

आता फ्रेम. क्रँक कुठला बसेल हे फ्रेमच्या बॉटम ब्रॅकेटचं भोक ठरवतं, आपली आवड नाही. यात लोक एकच माप घेतात, शेलची, म्हणजे बीबी ज्यात बसतो त्या फ्रेमच्या नळीची रुंदी, आणि तिथेच फसतात. आट्यांचा बीएसए नावाचा शेल रोड बाईकवर ६८ मिमी रुंद असतो, आटे नसलेले, दाबून बसवायचे बीबी३० पण ६८, प्रेसफिट ३० पण ६८. तीनही ६८, आणि तिघांत एकमेकांचं काही बसत नाही! म्हणून आतला व्यासही लागतो. बीएसएचे आटे १.३७ इंच, म्हणजे साधारण ३४.८ मिमी, बीबी३० चं भोक ४२ मिमी आणि प्रेसफिट ३० चं ४६. हे ४६ वालं भोक ६८ ऐवजी ८६.५ रुंद शेलमध्ये आलं की तो बीबी३८६ इव्हो, ७९ रुंद असेल तर बीबीराइट. आणि शिमानो कंपनीचा प्रेसफिट बीबी८६, तो ८६.५ रुंद पण भोक ४१ मिमी. म्हणजे ४१ आणि ४२ मध्ये एका मिलीमीटरचा फरक, साध्या पट्टीनं तो कळायचा नाही, व्हर्नियर कॅलिपरच पाहिजे. जुन्या इटालियन फ्रेमला ७० मिमी रुंदी आणि ३६ मिमीचे आटे असतात, तिथे दोन्ही कप (बेअरिंग धरणाऱ्या वाट्या) सरळ आट्यांचे. बीएसएत मात्र चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा, सोडवताना घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा. नव्या फ्रेमवर टी४७ म्हणून ४७ मिमी आट्यांचा प्रकारही आता बराच दिसतो.

मोजताना फक्त फ्रेमचा शेल मोजा, कपची बाहेर आलेली कड धरू नका. बीबी काढायचा नसेल तर आधी कपवर काय छापलंय ते वाचा, शिमानोच्या प्रेसफिट कपवर मॉडेल नंबरमध्येच ४१ असं असतं. बाहेर खाचा असलेले कप दिसले तर बहुधा आट्यांचा, गुळगुळीत आणि शेलच्या आत बसलेले दिसले तर ठोकून बसवलेला. तरी शंका राहिली तर फ्रेमचं मॉडेल आणि वर्ष घेऊन कंपनीची स्पेसिफिकेशन शीट बघायची, अंदाजानं जायचं नाही.

मग येतो क्रँकचा स्वतःचा एक्सल, ज्याला आपण स्पिंडल म्हणतो. शिमानोचा हॉलोटेक २ हा २४ मिमी, दोन्ही बाजूंना तोच. स्रॅम कंपनीचा जीएक्सपी पण २४ म्हणूनच विकला जातो, पण तो चेनच्या बाजूला २४ आणि डाव्या बाजूला २२ मिमी असतो, त्यामुळे शिमानोच्या बीबीत तसाच सारला तर डावीकडे सैल राहतो. स्रॅमचा नंतरचा डब म्हणजे २८.९९ मिमी, ३० नाही, २९ पण नाही. आणि जाहिरातीत नुसतं ३० मिमी लिहिलेलं असेल तर लांबी विचारा, कारण बीबी३० चा आखूड स्पिंडल ८६.५ च्या शेलमधून पलीकडे पुरेसा बाहेरच येत नाही, त्याला ३८६ इव्होवाला लांब स्पिंडल लागतो. २४ मिमीचा क्रँक मोठ्या भोकाच्या फ्रेममध्ये योग्य बीबी घेऊन छान बसतो. उलटं करायला गेलात, म्हणजे ४१ च्या भोकात ३० चा स्पिंडल, तर बसवणारे बीबी मिळतात पण बेअरिंगला जागाच उरत नाही, गोळ्या बारीक येतात आणि पावसाचं पाणी गेलं की खरखर सुरू. माझं मत विचाराल तर फ्रेम कुठलीही असो, शंका असेल तर २४ मिमीचा क्रँक घ्यावा. वजनात थोडे ग्रॅम जास्त जातील, जाऊ देत.

जुन्या बाईकवर चौकोनी टेपरचा (निमुळत्या चौकोनी टोकाच्या स्पिंडलचा) बीबी असेल तर अजून एक भानगड. तिथे स्पिंडलची लांबी क्रँकच्या मॉडेलप्रमाणे बदलते, त्यामुळे नवा क्रँक जुन्याच बीबीवर चढवला तर चेनलाईन आत-बाहेर सरकू शकते. चेनलाईन म्हणजे सीटट्यूबच्या (सीटखालच्या नळीच्या) मध्यापासून दोन रिंगांच्या मधोमध किती अंतर ते. रोड डबलला (पुढे दोन रिंगा असलेल्या बाईकला) हे वर्षानुवर्षं ४३.५ मिमी धरलं जायचं, शिमानोच्या १२ स्पीड रोड क्रँकना ते ४४.५ आहे, डिस्क ब्रेकमुळे मागचं हब रुंद झालं म्हणून. एका मिलीमीटरनं काही बिघडत नाही, पण ४-५ मिमीचा फरक पडला तर मात्र गिअर कुरकुरणार आणि मोठी रिंग चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) घासणार की काय तेही बघावं लागणार.

आता लांबी, म्हणजे आर्मची. यावर वाद सगळे घालतात, मोजून कोणीच बघत नाही. रोडवर साधारण १६५, १६७.५, १७०, १७२.५, १७५ असे आकडे असतात, १६० पण मिळतो. बीबीच्या मध्यापासून पेडलच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचं हे अंतर. बहुतेक आर्मवर आतल्या बाजूला, पेडलच्या भोकाजवळ, हा आकडा कोरलेला असतो, चिखल पुसला की दिसतो. तो झिजून गेला असेल तर क्रँक न काढताच मोजायची एक सोपी रीत आहे. बाईक स्टँडला घट्ट उभी करा, हलता कामा नये, पेडल काढा. आर्म सरळ खाली आणून जमिनीपासून पेडलच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपनं घ्या, मग तोच आर्म सरळ वर नेऊन परत घ्या. मोठ्यातून लहान वजा करा आणि निम्मं करा, झाली आर्मची लांबी. वजाबाकी ३४५ आली तर १७२.५, ३४० आली तर १७०, ३३० आली तर १६५. यात मजा अशी की टेप वाचताना एक मिलीमीटर इकडेतिकडे झाला तरी निम्मं केल्यावर चूक अर्ध्याच मिलीमीटरची राहते आणि शेजारच्या दोन मापांत अडीचचा फरक असतो, त्यामुळे घोटाळा होत नाही.

कुठली लांबी घ्यावी? पूर्वी उंचीवर नाहीतर पायाच्या आतल्या मापावर सूत्रं असायची आणि उंच माणसाला डोळे झाकून १७५ दिला जायचा. २००१ मध्ये मार्टिन आणि स्पिर्डुसो या संशोधकांनी १२० पासून २२० मिमीपर्यंतचे क्रँक लावून १६ तयारीच्या सायकलपटूंची कमाल ताकद मोजली, तर १४५ आणि १७० वर ती सगळ्यात जास्त निघाली आणि अगदी टोकाचे १२० आणि २२० सोडले तर फरक किरकोळच होता. म्हणजे लांब आर्म म्हणजे जास्त ताकद हे काही खरं नाही, कारण आखूड आर्मवर माणूस आपोआप जास्त भरभर फिरवतो. २०२४ मध्ये टूर द फ्रान्स जिंकणारा पोगाचार १६५ वर दिसला आणि तेव्हापासून जो तो १६५ शोधतोय. त्यानं लावला म्हणून आपण लावायचा हे कारण काही मला पटत नाही. पण पेडल वर आल्यावर मांडी पोटाला भिडत असेल, खाली वाकल्यावर कमरेच्या सांध्यात आवळल्यासारखं वाटत असेल, वरच्या टोकाला गुडघा बाहेर फेकला जात असेल, तर आखूड आर्म नक्की करून बघावा. १७२.५ वरून १६५ वर आलात की पायाचं वर्तुळ १५ मिमीनं लहान होतं. खालच्या टोकाला पाय पूर्वीइतकाच ताणायचा असेल तर सीट साडेसात मिमी वर घ्यावी लागते, आणि तसं केलं की वरच्या टोकाला गुडघा सीटच्या हिशेबानं पूर्ण १५ मिमी खाली राहतो, खरा आराम तिथून मिळतो. सीट वर न घेता नुसता क्रँक बदलून ‘काही फरक नाही’ म्हणणारे भरपूर भेटतात. तरफ आखूड झाल्यानं त्याच गिअरला जोर साधारण साडेचार टक्के जास्त लागतो, मागे एक दाता हलका गिअर टाकला की तेही भरून निघतं.

पॉवर मीटरवाला (ताकद वॅटमध्ये मोजणारा) नुसता डावा आर्म घेणाऱ्यांनी उजव्याची लांबी आधी बघावी. वाचायला बावळट सूचना वाटेल पण उजवा १७२.५ आणि डावा १७० अशा बाईक फिरत असतात. आणि लांबी बदलल्यावर कॉम्प्युटरमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये क्रँक लेंथचा आकडा बदला, नाहीतर वॅट चुकीचे दिसत राहतील.

फक्त रिंगा बदलायच्या असतील तर बीसीडी लागतो, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. पाच बोल्टच्या क्रँकवर समोरासमोर बोल्ट येतच नाहीत, त्यामुळे व्यास थेट मोजता येत नाही. शेजारशेजारच्या दोन बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि १.७ नं गुणा. ७६.४ मिमी आलं तर १३० चा बीसीडी, ६४.७ आलं तर ११० चा. गुणाकार करायचाच कंटाळा असेल तर हे दोनच आकडे लक्षात ठेवा, पाच बोल्टच्या बहुतेक बाईक यातच येतात, जुना कॅम्पॅग्नोलो १३५ चा असतो तेवढा सोडून. मोजताना मध्य अंदाजानं धरू नका, एका बोल्टच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्याच कडेपर्यंत व्हर्नियर लावा, आकडा तोच येतो आणि हात थरथरला तरी चालतं. काही क्रँकमध्ये पाचवा बोल्ट आर्मच्या मागे लपलेला असतो, चारच आहेत असं वाटतं, तेव्हा मागून बघा.

१३० वर ३८ पेक्षा लहान रिंग बसतच नाही, दात्यांची जागा बोल्टच्या वर्तुळात शिरते, म्हणून ज्यांना ३४ हवी त्यांना ११० शिवाय इलाज नाही. शिमानोनं २०१२ मध्ये ड्युरा-एस ९००० या आपल्या वरच्या मॉडेलपासून चार असमान अंतराचे बोल्ट आणले, मग अल्टेग्रा आणि १०५ या खालच्या मॉडेलमध्येही तेच आलं. आकडा तिथेही ११० च आहे! पण पाच बोल्टची ११० ची रिंग त्यावर बसायचा प्रश्नच नाही, आणि वरचा गुणाकारही तिथे चालत नाही. विकणारे बिनधास्त ‘बीसीडी ११०’ एवढंच लिहितात. स्रॅमच्या १२ स्पीडच्या बऱ्याच डबलना तर १०७ आहे, त्यांच्या फ्लॅटटॉप (वरून सपाट) चेनला रिंगाही त्यासाठीच्याच घ्याव्यात.

दात्यांचं बोलायचं तर ५३/३९ वर (मोठी रिंग ५३ दात्यांची, लहान ३९) बाईक विकत घेऊन चढावर उतरून ढकलण्यात काही पुरुषार्थ नाही. हिशेब साधा आहे. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर धरा, मागची सगळ्यात मोठी चकती २८ दात्यांची असेल तर ३९ च्या रिंगेवर एका फेरीत २.९ मीटर, ३४ वर २.५५ आणि ३० वर सव्वादोन मीटर पुढे जाता. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर तो वेग अनुक्रमे साडेदहा, नऊच्या थोडा वर आणि आठ किलोमीटर. चढावर तुमचा वेग ताशी आठ असेल तर ३९ वर फेऱ्या ४५ पर्यंत पडणार, गुडघे ओरडणारच. दुसऱ्या टोकाला पुढे ५० आणि मागे ११ वर मिनिटाला ९० फेऱ्या म्हणजे ५१ च्या पुढे वेग, पुढे ४६ आणि मागे ११ वर ४७. सपाटीवर ४७ च्या वर पेडल मारत राहणारे आपल्यात किती जण आहेत ते ज्यानं त्यानं ठरवावं, मला ४६/३० पुरतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

फक्त ४६ वर जायच्या आधी पुढचा डिरेलर (चेन एका रिंगेवरून दुसरीवर ढकलणारा भाग) बघा. चेनची कडी अर्ध्या इंचाची, त्यामुळे एक दाता कमी झाला की रिंगेची त्रिज्या साधारण २ मिमीनं घटते. ५० वरून ४६ वर आलात तर डिरेलर ८ मिमी खाली यायला हवा, ५३ वरून आलात तर १४. डिरेलरच्या पिंजऱ्याची बाहेरची पट्टी आणि मोठ्या रिंगेचे दाते यांत १ ते ३ मिमी फट लागते, आणि ज्या फ्रेमला डिरेलरचा हुक रिव्हेट करून पक्का बसवलाय तिथे खाचेची लांबी तेवढी नसते, डिरेलर खाली येतच नाही. हे पट्टी धरून पाच मिनिटांत बघता येतं. दोन रिंगांतला फरकही बघा, रोडच्या बहुतेक डिरेलरना १६ दात्यांची मर्यादा आहे, ५०/३४, ५२/३६, ४६/३० सगळे त्यातच बसतात. मागच्या डिरेलरची क्षमता म्हणजे पुढचा फरक अधिक मागचा फरक, ५०/३४ ला ११-३४ कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) लावली की १६ अधिक २३, झाले ३९. अल्टेग्रा आर८००० च्या लांब पिंजऱ्याची क्षमता बरोबर ३९ आहे, आखूडची ३५. आणि रिंग एवढी लहान केली तर चेनच्या दोन-चार कड्या काढाव्या लागतात, नाहीतर पुढे-मागे दोन्हीकडे लहान चकतीवर असताना चेन लोंबते.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही, एवढंच की हॉलोटेकच्या डाव्या आर्मची प्लास्टिकची टोपी फक्त खेळ काढण्यापुरती हातानं आवळायची असते, ताकद आर्म एक्सलवर आवळणाऱ्या दोन पिंच बोल्टना लागते, १२ ते १४ न्यूटन मीटर, दोन्ही आळीपाळीनं. बरेच जण उलटं करतात, टोपी करकचून आणि बोल्ट मोघम, मग बेअरिंग जड फिरतं आणि आर्म हलतो.

शेवटचं आणि माझ्या मते लेखात यायलाच हवं होतं असं. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोनं जून २०१२ ते जून २०१९ दरम्यान बनलेले ११ स्पीडचे ड्युरा-एस आणि अल्टेग्राचे चिकटवलेले क्रँक तपासणीसाठी परत बोलावले, मॉडेल ६८००, आर८०००, ९०००, आर९१०० आणि त्याचाच पॉवर मीटरवाला. आर्मचे दोन भाग डिंक सुटून वेगळे होत होते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या नोटिशीत तिथले सुमारे ६ लाख ८० हजार क्रँकसेट, सुटल्याच्या ४,५१९ घटना आणि ६ जखमी असे आकडे आहेत. गंमत म्हणजे स्वस्तातला १०५ त्या यादीत नाही. हे क्रँक आजही जुन्या बाजारात ‘एकदम कंडिशन’ म्हणून विकले जातात आणि फोटो असतो तो फक्त चकचकीत बाहेरच्या बाजूचा. आतल्या बाजूला, पेडल बसतं तिथे, मॉडेल नंबर आणि दोन अक्षरी कोड असतो, त्यावरून यादीत आहे की नाही ते कळतं, आर्मच्या जोडावर फट किंवा काळी रेघ दिसते का तेही तिथेच बघायचं. आतला फोटो मागा, नाही दिला तर पुढे व्हा, क्रँक कितीही स्वस्त असला तरी.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या वेळी क्रँकसेटवर काही छापलंत तर मॉडेलच्या नावापुढे स्पिंडलचा व्यास, कुठल्या बीबीत बसतो, मिळणाऱ्या लांब्या, बीसीडी बोल्टच्या संख्येसकट आणि चेनलाईन एवढे रकाने द्या. जागा पुरत नसेल तर वजनाचा रकाना काढलात तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक